आधी किल्ली ठरवा, मग कोनशिला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लहान शहरात सर्वांचे मिळून एक सांस्कृतिक केंद्र असावे, याबद्दल सहसा कोणाचे दुमत नसते. वाद रंगतो तो जागा, खर्च आणि इमारतीला नाव कोणाचे द्यायचे यावर. पण ज्या प्रश्नावर केंद्राचे तगणे किंवा बंद पडणे अवलंबून असते, तो उद्घाटनाची फीत कापून झाल्यावरच कोणाला तरी सुचतो. रोज संध्याकाळी दार कोण उघडणार, हा तो प्रश्न. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

आमचा हौशी नाट्यगट एका सार्वजनिक सभागृहात तालमी करत असे. प्रयोग चार दिवसांवर आला असताना एका संध्याकाळी दाराला कुलूप दिसले. किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गृहस्थ परगावी गेले होते आणि दुसरी किल्ली आहे की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते. बाहेरच्या पायऱ्यांवर, एका दिव्याच्या उजेडात आम्ही तालीम उरकली. अंधारात इतका वेळ बाहेर ताटकळावे लागले म्हणून गटातल्या एका मुलीला घरच्यांनी पुन्हा पाठवले नाही. तिची भूमिका ऐनवेळी दुसरीने निभावली आणि प्रयोगही पार पडला. ती मुलगी मात्र नंतर कधीच रंगमंचावर आली नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

सांस्कृतिक केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येते ते शेकडो खुर्च्यांचे, उतरत्या जमिनीचे मोठे नाट्यगृह. लहान शहरात ते भरण्याचे प्रसंग वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वीज, झाडलोट आणि गळक्या छताची दुरुस्ती मात्र बाराही महिने. याउलट गाण्याचा रियाज, नाटकाची तालीम, मुलांचा चित्रकलेचा वर्ग, चार जणांचे काव्यवाचन यांना रोज जागा लागते, आणि ती लागते सपाट जमिनीची, हलवता येणाऱ्या खुर्च्यांची, मध्यम आकाराची. जमिनीला खुर्च्या पक्क्या ठोकल्या की तिथे प्रेक्षक होऊन बसण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. ब्राझीलमधल्या साओ पाउलोचे उदाहरण महानगराचे असले तरी इथे लागू पडते. पिंपे बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्याचे केंद्र करण्याचे काम वास्तुरचनाकार लीना बो बार्दी यांच्याकडे आले, तेव्हा त्या शेडमध्ये मुले खेळत होती, कुटुंबे विसावत होती. त्यांनी शेड पाडल्या नाहीत. तिथे आधीच नांदत असलेल्या वावराला जपत त्यांनी वाचनालय, कार्यशाळा आणि रंगमंच यांची मांडणी केली. 1982 मध्ये खुले झालेले ते केंद्र आजही गजबजलेले असते.

जुनी शाळा, गोदाम किंवा वापरात नसलेली कचेरी अशी तयार वास्तू हाताशी असेल, तर नव्या बांधकामाआधी तिचा विचार व्हावा. मात्र तिथे एकदा उभे राहून टाळी वाजवून पाहावी. मोकळ्या भिंती आणि उंच छत असलेल्या खोलीत आवाज घुमतो, एक शब्द विरण्याआधीच दुसरा त्यावर आदळतो आणि मागे बसलेल्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. हार्वर्ड विद्यापीठातले एक नवे व्याख्यानगृह याच दोषामुळे निरुपयोगी ठरले होते. तिथे आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. 1895 मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून मांडायच्या, घुमारा मोजायचा आणि सकाळच्या आत त्या परत नेऊन ठेवायच्या, असे करत त्यांनी सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला. भाषणासाठी हा घुमारा साधारण एक सेकंदाच्या आसपास असावा, गायन-वादनाला थोडा अधिक चालतो. जाड पडदे आणि भिंतींना मऊ आच्छादन एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. महागडे ध्वनिवर्धक आणण्यापूर्वी हे करावे, असा माझा आग्रह आहे.

आता पुन्हा किल्लीकडे येतो. सामायिक जागा म्हटली की दोन धोके ठरलेले: एक तर ती कोणा एकाच गटाची होऊन बसते, नाहीतर कोणाचीच राहत नाही. अर्थशास्त्राचे नोबेल 2009 मध्ये मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाणी, जंगल, मासेमारी अशा सामायिक साधनांचा आयुष्यभर अभ्यास केला. जिथे वापरणाऱ्यांचा नियम ठरवण्यात सहभाग असतो, पाळणुकीवर त्यांचीच नजर असते आणि चूक करणाऱ्यावर पायरीपायरीने कारवाई होते, तिथे अशी साधने दीर्घकाळ टिकलेली त्यांना आढळली. सभागृहही सामायिकच असते. कोणता वार कोणाचा, खुर्च्या परत रचून कोण ठेवणार, तारीख घेऊन न येणाऱ्याच्या अनामतीचे काय करायचे, हे नियम वापरणाऱ्या गटांनी एकत्र बसून लिहावेत. किल्ल्या किमान तीन असाव्यात आणि त्या तीन वेगवेगळ्या गटांकडे राहाव्यात. आरक्षणाची वही कपाटात ठेवू नये, दर्शनी भिंतीवर सर्वांना दिसेल अशी टांगावी. वशिल्याने तारखा देण्याची सवय त्याने बरीच मोडते. मोठ्या समारंभांच्या भाड्यातून रोजच्या वर्गांचा खर्च भागवावा, म्हणजे रियाज करणाऱ्यांवर भार पडणार नाही.

इमारत उभी राहीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये 1946 पासून ‘कोमिनकान’ म्हणजे नागरिकांची सभास्थाने सुरू झाली, तेव्हा देश उद्ध्वस्त होता. अनेक गावांनी शाळेच्या किंवा इतर सार्वजनिक इमारतीतल्या खोल्यांतच काम सुरू केले. कायद्याचा आधार त्यांना 1949 मध्ये मिळाला. आधी माणसे जमली, मग भिंती आल्या.

म्हणून नगरपालिका आणि सांस्कृतिक संस्थांना माझी विनंती आहे की, एखाद्या शाळेच्या दोन खोल्या वर्ग सुटल्यावर, आठवड्यातून चार संध्याकाळी वर्षभर उघड्या ठेवून पाहाव्यात. पायऱ्यांशेजारी उतार आणि दारापुढे चांगला दिवा एवढी सोय पहिल्याच दिवसापासून असावी. कोण येते, किती वाजता येते आणि कशासाठी येते याची नोंद त्या वहीत होत राहील, आणि नव्या इमारतीचा आराखडा काढणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी ती वही द्यावी.

आपला,
एक हौशी रंगकर्मी