बाबा, मूळ बाग बघून आले

प्रिय आई-बाबा,

आधी हे सांगते की मी नीट जेवते, फोटोत बारीक दिसते ते केस कापलेत म्हणून, आणि आई, थंडीचं टेन्शन घेऊ नकोस, ओकायामाला जपानी लोक ऊन्हाचा प्रदेश म्हणतात, बाकीच्या जपानापेक्षा इथे पाऊस कमीच.

काल कोराकुएनला गेले. बाबा, सिंहगड रोडवरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलंय ना ती ही! ओकायामाच्या सरदाराने, इकेदा त्सुनामासाने, १६८७ ला काम सुरू करवलं आणि १७०० ला पुरं झालं. तेरा हेक्टर जागा आहे, मोठ्ठं तळं, आत चहाचा मळा आणि भाताचं छोटं शेतसुद्धा, नदीपलीकडे काळा किल्ला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात खूप काही जळालं, मग जुनी चित्रं बघून बघून परत बांधलं. रियुतेन नावाचं एक लाकडी घर मात्र वाचलं, त्याच्या मधोमध पाणी वाहतं आणि पाण्यात सहा रंगीत दगड. मी कितीतरी वेळ तिथेच बसले. तुम्ही रविवारी मला आपल्या बागेत न्यायचा, मी हिरवळीवर धावले की वॉचमन शिट्टी मारायचा आणि तुम्ही माझ्या वतीने सॉरी म्हणायचा, तेच आठवत होतं.

मग चहा प्यायले. आई, हे तुला नीट सांगायलाच हवं. चहा म्हणजे हिरवी पूड, गरम पाण्यात बांबूच्या रवीने घुसळतात, दूध नाही साखर नाही. गोड आधी खायचं, चहाबरोबर नाही, आधी! मला किबी दांगो दिले, मऊ गोळ्या असतात तांदूळ आणि बारीक भरडधान्याच्या. मग वाटी तळहातावर घ्यायची, दुसऱ्या हाताने जराशी फिरवायची, दोनदा, कारण वाटीची जी सुंदर बाजू असते ती पाहुण्याच्या समोर ठेवलेली असते आणि त्या बाजूला ओठ लावणं बरं नाही, आणि शेवटचा घोट सुर्रकन आवाज करून ओढायचा, म्हणजे संपला, आवडला. तू आम्हाला आवाज केला की रागवायचीस! बाजूच्या आजींनी मला हातानेच दाखवलं सगळं, भाषा कळत नव्हती तरी.

भूकंप-भूकंप करू नका हो, ऑफिसमध्ये सगळं शिकवलंय, आणि मी एकटी नसते, मैत्रिणी आहेत.

दादाच्या लग्नाच्या हॉलसाठी ऐंशी हजार सोमवारी पाठवते, आत्याकडून उसने घेऊ नका. रजा सहाच दिवस मिळतेय, साखरपुड्याला जमणार नाही, दादाला मीच सांगीन, तुम्ही बोलू नका. मावशीने पाठवलेला बायोडेटा वाचला, मी नाही म्हणत नाहीये, फक्त त्यांना स्पष्ट सांगा की मला अजून दोन वर्षं इथे काम करायचंय.

बाबा, मोतीबिंदूच्या दिवशी मी तिथे नाही हे मनाला लागलंय. फोन दिवसभर उशाशी ठेवणार आहे, इथे साडेतीन तास पुढे आहे पण वेळ बघू नका, कधीही करा. पट्टी निघाली की आईला घेऊन बागेत जा आणि तळ्याचा फोटो पाठवा.

तुमची,
चिऊ