फोन केला तर पकडतील का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे 16 ते 23 वर्षांची मुलंमुली जमतात. काही नशा करणारी, काही सोडलेली, काही नुसती मित्राला एकटं यायला नको म्हणून आलेली. बसवणारे आम्ही कुणी तज्ज्ञ नाही. दोन आया, एक निवृत्त परिचारिका, पूर्वी स्वतः गर्द ओढणारा आणि आता बरीच वर्षं त्यातून बाहेर असलेला एक गृहस्थ, आणि मी. मागच्या महिन्यात एका 17 वर्षांच्या मुलीनं विचारलं, “मित्र बेशुद्ध पडला आणि मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर मला पकडतील का?” मला छातीठोकपणे “नाही” म्हणता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तिच्या प्रश्नामागे एक मुलगा आहे. वय 19. अडीच महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता. चेहरा भरला होता, आईशी पुन्हा बोलू लागला होता. आठवड्याभरात जुन्या मित्रांत बसला आणि पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं. घोरू लागला तेव्हा मित्रांना वाटलं, झोपलाय. ओठ निळे पडल्यावर ते घाबरले. त्याला जिन्यात ठेवलं, एका घराची कडी वाजवली आणि पळाले. दार उघडेपर्यंत उशीर झाला होता. त्या मित्रांना मी ओळखते. ती दुष्ट मुलं नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर दवाखान्याच्या आधी पोलिस ठाणं आलं, एवढंच.

केंद्रातून सोडताना त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं की काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते आणि कालपरवापर्यंत पचणारी मात्रा जीवघेणी ठरते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात. घरच्यांना मात्र तेच दिवस सर्वांत निर्धास्त वाटतात. केंद्रातून सोडण्याच्या कागदावर ही एक ओळ ठळक छापायला आपल्या खात्याला काय अडचण आहे?

हेरॉइन, मॉर्फिन यांसारखे अफूवर्गीय पदार्थ मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला गुंगवतात. श्वास उथळ होत होत थांबतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर धोका आणखी वाढतो. पण हे एका क्षणात घडत नाही. बऱ्याचदा हातात काही मिनिटं असतात, कधी त्याहून जास्त. नॅलोक्सोन नावाचं औषध नाकात फवारलं किंवा दंडात टोचलं तर काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. त्यानं नशा होत नाही, अंगात अफूवर्गीय पदार्थ नसेल तर ते काहीच करत नाही. त्याचा असर अर्धा ते दीड तास टिकतो आणि नशा त्याहून जास्त वेळ टिकू शकते, म्हणून दवाखाना टळत नाही. पण दवाखान्यापर्यंत माणूस जिवंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि अशा वेळी हजर असण्याची शक्यता असलेल्या मित्रांच्या, घरच्यांच्या हाती ते द्यावं, वापर शिकवावा, अशी शिफारस संघटनेनं 2014 साली केली. आमच्या परिचारिकाबाई बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, तोंडानं श्वास कसा द्यायचा हे मुलांना पाऊण तासात शिकवतात. मुलं ते मन लावून शिकतात. शाळेतला कुठलाही धडा त्यांनी इतक्या लक्षानं ऐकला नसेल.

पण शिकलेला हात भीतीनं मागे येत असेल तर शिकवून उपयोग काय?

आपण म्हणाल, पोलिस माझ्या खात्यात येत नाहीत. खरं आहे. तरीही मंत्रिमंडळात हा विषय आरोग्य म्हणून मांडू शकणारे आपणच आहात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यानं 2007 साली कायदा केला की नशेनं अत्यवस्थ झालेल्या माणसासाठी मदत मागवणाऱ्यावर जवळ नशेचा पदार्थ बाळगल्याचा खटला चालणार नाही. त्यानंतर तिथल्या बहुतेक राज्यांनी त्याच वाटेनं कायदे केले, कॅनडानं 2017 साली केला. विकणाऱ्याला त्यात माफी नाही, आम्हीही ती मागत नाही. एवढंच मागतो की फोन करणारा आणि ज्याच्यासाठी फोन केला तो, या दोघांवर त्या फोनमुळे गुन्हा दाखल होऊ नये. आणि हे मुलांना कळावं. कारण असा कायदा असून पोरांना ठाऊक नसेल, तर ती जिन्यातच सोडून पळतील.

अशा सोयी दिल्या की पोरं निर्ढावतील, असं ठामपणे सांगणारे लोक आपल्याला भेटत असतील. आम्हालाही भेटतात. काही तर स्वतः पालक असतात आणि त्यांची काळजी खोटी नसते. त्यांना मी स्कॉटलंडमधल्या एडिनबरो शहराचं उदाहरण देते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं सुया-सिरिंज मिळणं अवघड केलं गेलं. टोचणाऱ्यांनी टोचणं थांबवलं नाही, एकच सुई अनेकांत फिरली. 1986 साली तिथल्या एका दवाखान्यातल्या हेरॉइन टोचणाऱ्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा निम्म्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. ॲमस्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेनं 1984 साली वापरलेली सुई घेऊन नवी देण्याचं काम सुरू केलं होतं. ज्यांना बेजबाबदार म्हणून हिणवलं जात होतं, त्यांनी तो धोका आधी ओळखला.

मुलं नशेकडे वळूच नयेत म्हणूनही खूप करता येतं, आणि तिथंही भीती कामाला येत नाही. 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, रॅली निघते, कवटीचं चित्र असलेले फलक निघतात, मुलं शपथ घेतात. 27 जूनला संध्याकाळी ती मुलं कुठं जातात, हे कुणी विचारत नाही. आइसलंडनं विचारलं. 1998 साली तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगली होती. 2016 साली हे प्रमाण 5 टक्के होतं. रोज सिगारेट ओढणारी 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आली. त्यांनी खेळ, संगीत, कला यांसाठी मुलांना पैसे दिले, दरवर्षी मुलांनाच प्रश्न विचारून आकडे प्रत्येक शाळेला परत दिले, आणि रात्री मुलांनी किती वाजता घरी यायचं यावर पालकांनी आपापसांत करार केले. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. एकट्या आईचं “नाही” पोरगं झुगारतं. सगळ्यांच्या आयांचं मिळून आलेलं “नाही” त्याला पेलणं सोपं जातं, कारण मग मित्रांत त्याची मान खाली जात नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. आमच्यासारख्या गटांना अनुदान मिळतं तेव्हा ते वर्षापुरतं, आणि हिशेब मागतात तो किती मुलं “बरी झाली” याचा. टर्कीत, म्हणजे नशा अचानक तुटल्यावरच्या त्रासात, तळमळणाऱ्या मुलाशेजारी रात्रभर बसणं कुठल्या रकान्यात लिहायचं? तीन वर्षांत चार वेळा घसरून पाचव्यांदा उभा राहिलेला आमच्याकडे आहे. चार अपयशं आणि एक यश असा त्याचा हिशेब आम्ही मांडू शकत नाही. निदान पाच वर्षांची हमी द्या, आणि स्वतः त्यातून गेलेल्या माणसांना या कामाचा पगार द्या. मुलं त्यांच्याजवळ जे बोलतात ते आमच्याजवळ बोलत नाहीत.

त्या मुलीला मी थोडा वेळ मागितला आहे. पुढच्या गुरुवारीही ती येईल. “फोन केला तर पकडतील का?” याचं उत्तर आपल्या सहीनिशी, लेखी हवं आहे. ते मी मुलांना वाचून दाखवीन आणि दाराच्या आतल्या बाजूला, त्यांना येता-जाता दिसेल असं लावीन.

आपली,
गुरुवारच्या गटातली एक कार्यकर्ती