फुकटचं अँटीव्हायरस टाकू का?

प्रिय सुहास,

नवा लॅपटॉप हातात आला आणि पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "फुकटातलं कोणतं अँटीव्हायरस टाकू?" उत्तर सोपं आहे: कोणतंच नको. पण एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, हे माहीत असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मुळात तुझ्या विंडोजमध्ये अँटीव्हायरस आधीच आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर हे अँटीव्हायरस सोबतच येतं. सुरुवातीला लोक त्याला हसायचे, आणि ते हसण्यासारखंच होतं. चाचण्यांत सपाटून मार खायचं. आता एव्ही-टेस्ट या जर्मन संस्थेच्या चाचण्यांत ते विकतच्यांच्या बरोबरीने गुण मिळवतं. तू दुसरं काही टाकलंस की डिफेंडर आपणहून बाजूला होतं. म्हणजे राखणदार दोन होत नाहीत, एकाला घरी बसवून तू दुसरा ठेवतोस. म्हणूनच लॅपटॉपसोबत कुठलं ट्रायल, म्हणजे थोड्या दिवसांपुरतं अँटीव्हायरस आलंय का ते आधी बघ. असेल तर मुदत संपायची वाट न बघता काढून टाक, डिफेंडर परत जागेवर येईल.

हे शहाणपण मला फुकटात आलेलं नाही. जुन्या लॅपटॉपवर मी एक फुकटचं टाकलं होतं. चालू केल्यावर पंखा जो घोंघावायला लागायचा, तो चहा संपला तरी थांबायचा नाही. उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने खिडकी उघडायची: तुमचा संगणक मंद झालाय, तुमची ओळख उघडी पडलीय, अपग्रेड करा. मंद कोणामुळे झाला, हे मात्र ती खिडकी सांगत नव्हती! काढायला गेलो तर "नक्की ना?" म्हणून तीनदा विचारलं.

आणि पैसे न घेता त्यांचं चालतं कसं, याचाही विचार कर. बहुतेकांना तुला विकतच्या आवृत्तीकडे ओढायचं असतं, तेवढं समजू शकतो. पण अवास्ट या फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या कंपनीने तर वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. ते उघडकीला आल्यावर २०२० मध्ये जंपशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखण करायला ठेवलेल्यानेच घरातली वही बाहेर दाखवावी, तसं झालं.

डिफेंडर खरंच जागं असतं का, हे मी एकदा करून पाहिलं. अँटीव्हायरस तपासण्यासाठी ६८ अक्षरांची एक ठरलेली निरुपद्रवी ओळ असते, आयकार म्हणतात तिला. ती नोटपॅडमध्ये चिकटवली, सेव्ह केलं, आणि फाइल उघडायला जातो तर फाइलच गायब! कोपऱ्यात धोका सापडल्याची सूचना. तेवढ्यानेही बरं वाटलं.

आता खरी भीती कुठे आहे ते ऐक. तू क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं उतरवतोस. ती चालत नाहीत म्हणून "अँटीव्हायरस बंद करा" असं तिथेच लिहिलेलं असतं, आणि तू बंदही करतोस, मला माहितीये. मग कुठलं अँटीव्हायरस काय करणार? शिवाय "५ व्हायरस सापडले" असं कोपऱ्यात आलं तर आधी ते कोण सांगतंय ते बघ. बऱ्याचदा ती कुठल्याशा साइटची नोटिफिकेशन असते, जिला तूच कधीतरी परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढ, काम झालं.

अपडेट पुढे ढकलायची सवय तर सोडच. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामने, जगभर फाइली ओलीस धरल्या. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मार्च महिन्यातच आलेलं होतं. आणि फोटो, कागदपत्रं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेव. कॉपी झाली की वायर काढ. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही.

कधी फारच संशय आला तर मालवेअरबाइट्स या दुसऱ्या तपासणाऱ्या प्रोग्रामचं फुकट रूप घेऊन एकदा स्कॅन कर. त्याचं सुरुवातीचं ट्रायल संपलं की ते आपण सांगू तेव्हाच तपासतं, डिफेंडरच्या पायात येत नाही.

आज रात्री विंडोज सिक्युरिटी (डिफेंडर तिथेच दिसतं) उघडून हिरव्या खुणा दिसतात का ते कळव. आणि ते ट्रायल काढताना लाल अक्षरांत काही धमकीवजा आलं, तर घाबरून "रद्द" दाबू नकोस.

तुझा,
अवी