मंजुरीचा हिशेबही किलोवर व्हावा

माननीय आरोग्यमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या मुलीला गॉशर हा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. ग्लुकोसेरेब्रोसायडेझ हे एन्झाइम तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, त्यामुळे ज्या मेदद्रव्याचे विघटन व्हायला हवे ते पेशींत साचत राहते. त्यातून प्लीहा व यकृत वाढते, प्लेटलेट घटतात आणि हाडे दुखू लागतात. उणे असलेले एन्झाइम शिरेतून देण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा ते प्रसूतीनंतरच्या वारेतून काढावे लागे. १९९४ पासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तयार केलेले एन्झाइम मिळू लागले. इतक्या जुन्या उपचाराचा उल्लेख सरकारी टिपणांत अजूनही ‘विशेष बाब’ असा होतो, याचे नवल वाटते.

या एन्झाइमची मात्रा दर दोन आठवड्यांनी आणि वजनानुसार द्यायची असते. माझ्या मुलीला किलोमागे ६० युनिट सांगितली आहेत आणि एका कुपीत ४०० युनिट असतात. उपचारासाठी सरकारी निधी मिळावा म्हणून अर्ज केला तेव्हा तिचे वजन १३ किलो होते, म्हणजे एका वेळेस दोन कुप्या आणि वर्षाला ५२. त्याच आकड्यावर तीन वर्षांची रक्कम मंजूर झाली. औषध लागू पडले, फुगलेले पोट उतरले, खुंटलेली वाढ सुरू झाली आणि ती २० किलोची झाली. आता एका वेळेस तीन कुप्या लागू लागल्या, वर्षाला ७८. गुण आला म्हणूनच निधी अपुरा पडला, असा हा प्रकार आहे. सुधारित प्रस्ताव टेबलावरून टेबलावर फिरत राहिला, तेवढ्या चार महिन्यांत आठ मात्रा चुकल्या आणि प्लेटलेट पुन्हा घसरल्या. कुपीत पाणी सोडल्यावर परिचारिका ती कधीच जोराने हलवत नाही, हळुवार फिरवते, कारण एन्झाइम हे प्रथिन असते आणि फेस आला तर ते बिघडते. इतके जपून तयार केलेले औषध कागदाअभावी थांबावे, हे पटत नाही.

म्हणून विनंती अशी की, मंजुरी रुपयांत न देता किलोमागे युनिट या मापात द्यावी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या वजन-नोंदीवरून दर सहा महिन्यांनी ती आपोआप सुधारावी आणि नूतनीकरणाचा निर्णय शेवटची कुपी संपण्यापूर्वी व्हावा. शिरेतून दिलेले एन्झाइम रक्तातून मेंदूत पोहोचत नाही, त्यामुळे मेंदूवर परिणाम झालेल्या प्रकारात त्या लक्षणांवर ते उपयोगी पडत नाही, याची मला जाणीव आहे. उपचार कोणाला द्यावा आणि कधी थांबवावा, हे तज्ज्ञांनी जरूर ठरवावे. पण ज्याला द्यायचे ठरले त्याच्या उपचारात हिशेबाच्या चुकीने खंड पडू नये.

गेल्या तपासणीत मुलीचे वजन २१ किलो भरले. तीन कुप्यांचा हिशेबही आता पुरणार नाही.

आपला नम्र,
एक पालक