परदेशी करारांआधी श्रेयांकांचे पाहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार झाल्याच्या बातम्या आता नित्याच्या झाल्या आहेत. सह्या करणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात, पण परदेशात एक सत्र शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा होत नाही.

युरोपात १९८७ साली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा हाच पेच पडला आणि १९८९ मध्ये श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या प्रमाणात मिळणारे गुणांक) हस्तांतरणाची सामाईक पद्धत प्रायोगिक स्वरूपात आली. त्या पद्धतीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक असतात. विद्यार्थी तेथे कोणते विषय शिकणार आणि मायदेशी ते कशाच्या बदल्यात धरले जाणार, हे तो निघण्यापूर्वीच लेखी ठरते व त्यावर विद्यार्थ्यासह दोन्ही विद्यापीठांच्या सह्या होतात. मला तर शिष्यवृत्तीच्या रकमेपेक्षा हा कागद मोलाचा वाटतो, कारण तो हाती नसेल तर परतलेल्या मुलाला समकक्षतेसाठी खेटे घालावे लागतात आणि एखाद्या विषयाचे शीर्षक जुळले नाही, तर सत्र वाया जाण्याची भीती असते.

तरतुदींची वाण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे आणि २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संयुक्त व दुहेरी पदव्यांचे नियम केले. अडते ते अभ्यास मंडळ आणि परीक्षा विभाग यांच्या टेबलांवर.

आपल्या सीमाभागात याची चाचणी पारपत्राशिवाय घेता येईल. निपाणीच्या विद्यार्थ्याला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. पण कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये स्वीकारलेली चार वर्षांची पदवी-रचना २०२४-२५ पासून सोडली, तर महाराष्ट्रात ती त्याच सुमारास रुजू लागली. त्यामुळे निपाणी आणि कोल्हापूर या महामार्गावरच्या दोन गावांतील पदव्यांची रचनाच वेगळी झाली आहे. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. श्रेयांकांनी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

बेळगावच्या राणी चन्नम्मा आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने मराठी, इतिहास व गणित या विषयांपुरती तरी एका सत्राची देवाणघेवाण सुरू करावी, समकक्ष विषयांची यादी प्रवेशापूर्वी जाहीर करावी आणि निकालानंतर श्रेयांक किती दिवसांत नोंदवले जातील, ती मुदत परिपत्रकातच लिहावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
निपाणी, जि. बेळगाव