तेलाचे तळे नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तेलसाठ्याच्या बातमीसोबत आपण छापलेले चित्र पाहिले. जमिनीखाली काळेभोर तळे आणि त्यात शहाळ्यात घालावी तशी सोडलेली नळी. तीस वर्षे रिगवर, म्हणजे तेलविहिरी खोदणाऱ्या यंत्रावर, काढलेल्या माणसाला असे चित्र पाहून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

तेल तळ्यात नसते, खडकात मुरलेले असते. वाळूच्या कणांमध्ये, चुनखडीच्या छिद्रांत, नाहीतर कठीण दगडाच्या भेगांत. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या रिगला मुंबईजवळ मुंबई हायवर लागलेले तेल चुनखडीतले. वडोदऱ्याजवळ पादऱ्याला तर ते चक्क बेसॉल्टमध्ये मिळाले, म्हणजे आपली पर्वती ज्या दख्खनी काळ्या पत्थराची, त्याच जातीच्या दगडात. तिथे ते तयार झाले नव्हते. गाळाच्या खडकांतून आले आणि भेगांत जाऊन बसले.

पुणेकरांना हे कळायला गुजरातेत जायला नको. सोसायटीत बोअरची गाडी येते, दीडशे फूट नुसती धूळ उडते आणि मग एखाद्या भेगेशी पाणी उसळते. तेच बोअर दहा फूट बाजूला घेतले असते तर कदाचित कोरडे गेले असते. तेलाचेही तसेच, फक्त खोली हजारो फुटांची आणि खर्च कोटींचा. फटीच्या भिंती गुळगुळीत धरल्या तर पुस्तकी गणित सांगते, की फट दुप्पट रुंद झाली तर त्याच दाबाने आठपट प्रवाह जातो. विहिरीचे नशीब असे केसाएवढ्या फरकावर ठरते.

ज्या भेगेसाठी उत्पादनवाले देव पाण्यात घालून बसतात, तिचीच ड्रिलिंगवाल्यांना धास्ती. पाइपातून खाली सोडलेला मड, म्हणजे खोदताना फिरवत ठेवलेला चिखलासारखा द्रव, वर परत यायला हवा. मोठी फट लागली की तो तिथेच गडप. टाकीतली पातळी उतरते, विहिरीतला मडचा दाब कमी पडतो आणि खालचा गॅस वर धडक मारू शकतो. मग अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, अभ्रक, हाताशी असेल ते ओतून फट बुजवायची. एका रात्रपाळीत मी स्वतः पोत्यांवर पोती रिकामी केली आहेत. पुढे विहीर रडतखडत चालली की उत्पादनवाले विचारणार, फट कोणी बुजवली?

खोलवरच्या भेगा बहुधा उभ्या असतात. सरळ खाली गेलेली विहीर दोन भेगांच्या मधूनही निघून जाते, म्हणून तिला आडवी वळवतात. भेगा नसतीलच तर द्रवाच्या दाबाने पाडायच्या आणि मिटू नयेत म्हणून त्यात वाळू भरायची. पहिला प्रयोग १९४७ मध्ये अमेरिकेत कॅन्ससला झाला, तोही घट्ट केलेल्या पेट्रोलने, आणि त्या विहिरीत फारसा फरक पडला नाही! राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचे मुख्यालय पुण्यातच आहे, पाण्याच्या दाबाने हेच काम कमी पाण्याच्या विंधन विहिरींवर करते. त्याला जलभंजन असे छान मराठी नावही आहे.

माझी तक्रार आकड्यांबद्दल आहे. भेगेतले तेल सुरुवातीला जोरात येते आणि पुष्कळदा तितक्याच लवकर ओसरते. त्याच वाटेने खालचे पाणीही वर चढते. ‘पहिल्या दिवशी इतकी पिंपे’ असा मथळा दिलात तर सहा महिन्यांनी त्याच विहिरीची चौकशी करून तेही छापा. जमिनीखाली किती तेल आहे यापेक्षा खडक त्यातले किती सोडणार, हे विचारायला बातमीदाराला सांगा.

आमच्या सोसायटीच्या बोअरला २४० फुटांवर झरा लागला. जागा मी सांगितली होती आणि नारळ घेऊन आलेल्या पाणाड्यानेही तीच दाखवली होती. श्रेय कोणाचे, हा विषय गेल्या दोन सभांत निकालात निघालेला नाही.

आपला,
एक निवृत्त ड्रिलिंग इंजिनिअर,
कोथरूड, पुणे