गुरुवारच्या आधी

सातारा
रविवार, रात्री

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ऑफिसातल्या तक्रारीवर पाच सह्या व्हायच्या होत्या, चौघं मागे सरले, माझी एकटीचीच राहिली." मला त्यावर बोलायला सुचेना, म्हणून फोन तुझ्या आईकडे दिला. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी उठलो आणि 'हाय नून' हा जुना अमेरिकन सिनेमा लावून बसलो. पुण्यात बी.एड. करत होतो तेव्हा एका फिल्म क्लबात लोखंडी खुर्चीवर बसून तो पहिल्यांदा पाहिला. नंतर सहा-सात वेळा तरी पाहिला असेल. तुला मात्र कधी दाखवला नाही. ते का, हे आज लिहितो.

सिनेमा १९५२ चा, फ्रेड झिनेमनचा, कृष्णधवल, जेमतेम ८५ मिनिटांचा. हॅडलीव्हिल हे गाव आणि रविवारची सकाळ. तिथला कायदा राखणारा अधिकारी, मार्शल विल केन, याचं नुकतंच लग्न लागलंय. बिल्ला उतरवून तो बायकोबरोबर गाव सोडून निघालाय. तेवढ्यात तार येते. ज्याला त्याने पकडलं होतं तो फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. फाशी झाली होती, तिची जन्मठेप झाली, आणि आता तर माफीच मिळाली. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. केन निघतो खरा, पण वाटेतून घोडागाडी मागे वळवतो. पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा म्हणजे त्याने दारोदार जाऊन माणसं मागणं. पडद्यावरची वेळ आणि आपल्या मनगटावरची वेळ जवळपास बरोबरीने चालते. भिंतीवरची घड्याळं सारखी दिसत राहतात.

गोळीबार शेवटची काही मिनिटंच आहे. माझा जीव अडकतो तो त्याआधीच्या दारांमध्ये. ज्याने मिलरला शिक्षा सुनावली तो न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतो, न्यायाचा तराजू खोगिराच्या पिशवीत भरतो आणि निघून जातो. एक मित्र बायकोला दारात पाठवतो, घरात नाही म्हणून सांग म्हणतो. ती बाई खोटं बोलताना खाली बघते. चर्चमध्ये भर प्रार्थनेत चर्चा होते, अगदी रीतसर, एकेकाला बोलू देऊन. शेवटी नगराध्यक्ष उठतो आणि केनची तोंडभरून स्तुती करतो. आता काम झालं असं वाटतं, आणि तिथूनच तो वळतो. उत्तरेकडचे लोक इथे पैसा गुंतवायचा विचार करताहेत, रस्त्यात मुडदे पडले तर गावाचं नुकसान होईल, तेव्हा तू गेलास तर बरं. मुक्ता, तुझ्या साहेबांनी "तुझ्यासारखी मुलगी आमच्याकडे दुसरी नाही" म्हणून सुरुवात केली असं तू सांगितलंस, तेव्हा मला हाच माणूस आठवला.

आणि एक हर्ब. हा सकाळी आपणहून आलेला असतो, मी आहे तुझ्याबरोबर म्हणून. बारा वाजत आले तेव्हा परत येतो, बाकीचे कुठे आहेत विचारतो. बाकीचे कुणी नाहीत हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. बायको आहे, मुलं आहेत, असं काहीतरी बोलतो. केन त्याला घरी जाऊ देतो. एक वाकडा शब्द बोलत नाही.

तो हर्ब मी आहे.

तू तीन वर्षांची होतीस. शाळेत प्रवेशाच्या वेळी पालकांकडून पावती न देता पैसे घेत होते. आमच्या एका गणिताच्या सरांनी सगळं टिपून ठेवलं, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं ठरवलं. आम्ही सहा जण येतो म्हणालो होतो. मी तर त्यांच्या हातावर हात मारून म्हणालो होतो. सकाळी सातची एसटी होती. मी स्टँडवर गेलो. चौकशीच्या खिडकीजवळ घड्याळाखाली सर एकटेच उभे होते, रेक्झिनची बॅग पायाशी, मान वर करून वेळ बघत. मी चहाच्या टपरीपाशी थांबलो. आणखी कुणी दिसतंय का बघितलं. मग टपरीच्या मागून वळलो आणि घरी आलो. तुझी आई विचारत राहिली, मी पोट बिघडलंय म्हणालो. सर एकटे गेले. वर्षअखेरीस नोकरी सोडून गावही सोडलं. अजून कुठे लग्नात-बिग्नात भेटले की तोंड भरून हसतात, तुझी चौकशी करतात. मी स्टँडपर्यंत आलो होतो हे त्यांना माहीत नाही. ही गोष्ट मी आजवर तुझ्या आईलाही सांगितली नव्हती. आज सांगितली, मग कागद घेतला.

हा सिनेमा लिहिणाऱ्या कार्ल फोरमनचीही गोष्ट तुला ठाऊक हवी. १९५१ मध्ये चित्रीकरण चालू असतानाच त्याला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे हजर व्हावं लागलं. कम्युनिस्टांना हुडकून काढायचे दिवस होते ते. जुन्या सोबत्यांची नावं सांगायला त्याने नकार दिला. धंद्यातल्या भागीदारांनी त्याला दूर केलं, हॉलिवूडमध्ये काम मिळेनासं झालं, तो इंग्लंडला गेला. रस्त्यात ओळखीचे लोक टाळायला लागले, ते सगळं केनच्या वाट्याला आलेलं आहे. केनचं काम करणारा गॅरी कूपर स्वतः उजव्या विचारांचा, तरी फोरमनच्या नव्या कंपनीत पैसे घालायला तयार झाला. मग त्याच्यावर चहूबाजूंनी दबाव आला आणि तोही मागे सरला. पडद्यावर एकटा उभा राहिलेला माणूस! ऑस्कर त्यालाच मिळालं. फोरमनने मात्र त्याला कधी दोष दिला नाही, मोठ्यांपैकी निदान प्रयत्न करणारा तो एकटाच होता असं म्हणत राहिला. आमचे सरही असेच म्हणतील याची मला भीती वाटते, म्हणून मी त्यांना सांगत नाही.

तुझ्या त्या चौघांना माफ कर असं मी सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. पण जो तुझ्या टेबलाशी येऊन, डोळ्यात बघून "जमत नाही गं" म्हणाला, त्याला फोन न उचलणाऱ्यांत धरू नकोस. मला तेवढंही जमलं नव्हतं. आणि तुला स्वतःला तक्रार मागे घ्यावीशी वाटली तर घे. खोलीचं भाडं आहे, कर्जाचा हप्ता आहे, मला सगळं कळतं. या घरात तुझी किंमत त्याने रतीभरही कमी व्हायची नाही.

त्या सिनेमात केनची बायको एमी आहे. क्वेकर पंथाची, हिंसा न मानणारी. तिचे वडील आणि भाऊ गोळीने गेलेत. ती रागावून त्याच बाराच्या गाडीत जाऊन बसते. पहिली गोळी ऐकू येते आणि ती उतरते, धावत सुटते. काल रात्री त्या जागी मी सिनेमा थांबवला, मागे घेतला, पुन्हा पाहिला.

गुरुवारी साडेअकराला समिती बसणार म्हणालीस. बुधवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं नाशिकला निघतोय, तिकिटं काढली आहेत. आत आम्हाला कुणी घेणार नाही, हे मला माहीत आहे. त्या जिन्याजवळ बाकडं आहे, मागे तुझं ऑफिस दाखवलंस तेव्हा पाहिलंय. मी तिथे अकरापासून बसलेला असेन. तुला कितीही वेळ लागू दे.

तुझा,
बाबा